दिवा बारीक करायचा तर

गणपतीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीचा व्हिडिओ पुण्याला मावशीकडे पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन आला, "मूर्ती अगदी सुरेख आहे रे, पण मखरावरून हे काळे पट्टे कसले सरकताहेत?" मखरासमोर बसलेल्या आम्हा कोणालाच पट्टे दिसत नव्हते. ते फक्त मोबाइलला दिसत होते, आणि ते माझ्यामुळे होते. मखरातली एलईडीची स्ट्रिप मी जोडली होती, तिचा उजेड कमी-जास्त करायचं सर्किट झिरो पीसीबीवर मीच सोल्डर केलं होतं, आणि त्यात एका कपॅसिटरची निवड चुकली होती. १० नॅनोफॅरडच्या जागी १०० चा बसला होता. सेकंदाला साधारण १,४४० वेळा पेटून विझायला हवी होती ती स्ट्रिप १४४ वेळाच पेटत-विझत होती. मोबाइलचा कॅमेरा चित्र एका दमात घेत नाही, एकेक ओळ टिपत जातो. ज्या ओळी दिवा विझलेला असताना टिपल्या गेल्या त्या काळ्या आल्या.

इतक्या बारक्या भागाची निवड चुकली तर एवढा फरक पडतो, हे त्या फोनमुळे नीट कळलं, आणि तेव्हापासून हा सगळा विषय मुळापासून पाहायची सवय लागली.

आमच्या पळस्पे फाट्यावर जुना मुंबई–पुणे रस्ता सोडून गोव्याचा महामार्ग दक्षिणेकडे वळतो. पूर्वीचा १७ नंबरचा, आताचा ६६. गणपतीच्या आधीचे काही आठवडे पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतल्या मूर्ती टेम्पोत बसून याच फाट्यावरून मुंबईकडे जातात. त्याच दिवसांत घराघरांत मखरं उभी राहत असतात. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली. त्यानंतर कापड, पुठ्ठा, कागद आणि बांबू यांचं काम वाढलं. थर्माकोलची नक्षी गेली तशी शोभेची बरीचशी जबाबदारी उजेडावर आली. स्ट्रिप, अ‍ॅडॅप्टर, थोडी वायर आणली की कोणीही जोडून मोकळा होतो. अडतं ते पुढे: आरतीला लखलखीत हवी असलेली लाइट रात्री डोळ्यांवर येते. मग विचारणा सुरू होते, "डिमर कुठला घेऊ?" फाट्यावर थांबणारे ट्रकवाले केबिनमधल्या स्ट्रिपसाठी हेच विचारतात, आणि इन्व्हर्टरवर रात्रीचा दिवा लावणारेही.

मला वाटतं, हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला जातो. डिमर शेवटी येतो. आधी डोळा, मग एलईडी, मग वीज कुठून येते ते, आणि त्यानंतर सुटे भाग. या क्रमाने गेलं की प्रत्येक भाग आधीच्या उत्तरातून आपोआप ठरत जातो.

डोळ्यापासूनच सुरुवात करतो. उजेड निम्मा केला की डोळ्याला तो निम्मा वाटत नाही. १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाचं जे सूत्र मान्य केलं, त्यानुसार दिव्याचा उजेड ५० टक्क्यांवर आणला तरी डोळ्याला तो ७६ टक्के भासतो. खरोखर निम्मा वाटावा असं असेल तर उजेड १८ टक्क्यांवर आणावा लागतो. ५ टक्क्यांवरसुद्धा पावभर उजेड वाटतो. म्हणजे दिवा "थोडा बारीक" करायचा तर वीज थोडी कमी करून भागत नाही, पुष्कळच कमी करावी लागते. यात तोटा काहीच नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीवर १ अँपिअर खाणारी स्ट्रिप पूर्ण उजेडात पाचेक तास चालते. तीच २० टक्क्यांवर ठेवली तर दिवसभराहून जास्त चालते आणि खोली निम्मी उजळलेली वाटते. पावसाळ्यात लाइट गेल्यावर हा हिशेब फार उपयोगी पडतो.

कंदिलाची चकती फिरवून वात खाली घेणाऱ्यांनी आपल्याला "दिवा बारीक कर" हा शब्दप्रयोग दिला. विजेच्या बल्बने तो काढून घेतला. बटण दाबलं की पूर्ण, नाहीतर काळोख. म्हणून प्रत्येक घरात दुसरा, झिरोचा बल्ब आला. नावाने झिरो असलेला तो बल्ब प्रत्यक्षात १५ वॅटच्या आसपास खायचा. वातीसारखी चढती-उतरती मात्रा सामान्य घरात परत येणं एलईडीमुळे शक्य झालं, पण एलईडीचा स्वभाव समजून घेतला तरच.

एलईडीला व्होल्टेज विचारू नये, करंट विचारावा. तापणाऱ्या तारेच्या बल्बला व्होल्टेज थोडं कमी दिलं तर उजेड थोडा कमी होतो. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. ३ व्होल्टच्या आसपास तिचा करंट इतका झपाट्याने वाढतो की दशांश व्होल्टच्या फरकाने उजेड कुठल्या कुठे जातो. ती तापली की तिला लागणारं व्होल्टेज आणखी उतरतं, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजवर करंट आणखी वाढतो. म्हणून सुट्या एलईडी एकमेकींना समांतर जोडून थेट व्होल्टेजवर लावल्या तर त्यांतली एखादी जास्त करंट ओढते, तापते, आणखी ओढते आणि जाते. पाठोपाठ बाकीच्या जातात. करंट आवरायला काहीतरी हवंच.

घरगुती कामात ते काहीतरी म्हणजे साधा रेझिस्टर. १२ व्होल्टवर ३ पांढऱ्या एलईडी ओळीने जोडल्या की प्रत्येकी ३.२ प्रमाणे ९.६ व्होल्ट खर्ची पडतात, २.४ उरतात. २० मिलिअँपिअरसाठी १२० ओहमचा रेझिस्टर निघतो. मी १५० चा घालतो, करंट १६ मिलिअँपिअरवर येतो, उजेडातला फरक डोळ्याला कळतही नाही आणि एलईडी थंड राहते. पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. बाजारातली १२ व्होल्टची स्ट्रिप म्हणजे हीच तिघींची ओळ पुन:पुन्हा छापलेली. मीटरला ६० एलईडीच्या स्ट्रिपवर दर ५ सेंटिमीटरला कात्रीची खूण असते ती यामुळेच. तिथेच कापायचं, मधे कापली तर तीन एलईडी बंद.

आता बारीक करायच्या वाटा. एक वाट अगदी सोपी: मधे मोठा व्हेरिएबल रेझिस्टर किंवा एलएम ३१७ हा व्होल्टेज रेग्युलेटर घालायचा आणि स्ट्रिपचं व्होल्टेज उतरवायचं. दोन-चार एलईडींच्या टेबल लॅम्पला हे चालतं, तेही छान. दिवा लुकलुकत नाही आणि रेडिओत खरखर येत नाही. पण एलएम ३१७ वरून दीड अँपिअरपलीकडे जाता येत नाही, आणि कमी केलेली सगळी वीज त्याच्या पाठीवर उष्णता म्हणून निघते. शिवाय स्ट्रिपची तळाची मात्रा नीट मिळत नाही. व्होल्टेज ९ च्या खाली येऊ लागलं की लांब स्ट्रिपचे काही तुकडे आधी विझतात, काही नंतर, कारण प्रत्येक एलईडी किंचित वेगळी असते.

दुसरी वाट म्हणजे दिवा पूर्णच लावायचा, पण क्षणभर, आणि पुन्हा विझवायचा, इतक्या वेगाने की डोळ्याला एकसंध मंद उजेड दिसावा. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. यात पेटलेल्या क्षणी करंट ठरलेलाच असतो, म्हणून रंग बदलत नाही, सगळ्या एलईडी सारख्या मंदावतात आणि नियंत्रण करणारा भाग फारसा तापत नाही. स्ट्रिपसाठी मी डोळे मिटून हीच वाट सांगतो. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. एलईडी कमी करंटवर जास्त कार्यक्षम असते, त्यामुळे करंटच कमी करणारी पद्धत विजेच्या हिशेबात थोडी सरस ठरते, आणि तासन्‌तास वाचायच्या दिव्याला न लुकलुकणारा उजेड अधिक सुखाचा. वाचायचा दिवा आणि मखर यांना एकच उत्तर लावू नये.

पीडब्ल्यूएम ठरलं की पहिला प्रश्न वेगाचा, म्हणजे माझ्या काळ्या पट्ट्यांचा. २०१५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने दिव्यांच्या लुकलुकण्याबद्दल शिफारशी काढल्या. पूर्ण पेटून पूर्ण विझणाऱ्या दिव्याला १,२५० हर्ट्झच्या वर धोका कमी, आणि ३,००० हर्ट्झच्या वर परिणाम होत नाही असं धरावं, असा त्यांचा अर्थ. १०० हर्ट्झचं लुकलुकणं बहुतेकांना उघड दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं आणि फिरता पंखा त्या उजेडात तुटक दिसतो. म्हणून मी ३,००० धरतो. त्याहून फार वर जाण्यात अर्थ नाही; दिवा चालू-बंद करणारा मॉस्फेट जास्त तापतो आणि आजूबाजूच्या रेडिओला त्रास होतो.

हा वेग तयार करायला माझी पसंती अजूनही ५५५ ला. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये रचलेली ही आयसी पन्नास वर्षं उलटून गेली तरी प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हमखास मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही, पनवेलमध्येही मिळते. पुणेकरांना बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास. रचना अशी: १०० किलोओहमचा पॉट (फिरवायचा व्हेरिएबल रेझिस्टर), त्याच्या दोन्ही टोकांना एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर, कपॅसिटर भरायचा रस्ता वेगळा आणि रिकामा करायचा वेगळा राहावा म्हणून १एन ४१४८ चे दोन डायोड. पॉट कसाही फिरवला तरी एकूण रेझिस्टन्स तेवढाच राहतो. म्हणून वेग बदलत नाही, फक्त पेटण्या-विझण्याचं प्रमाण बदलतं. १० नॅनोचा कपॅसिटर घातला तर वेग १,४०० हर्ट्झच्या आसपास येतो, ४.७ नॅनोचा घातला तर ३,००० च्या. मी आता ४.७ च वापरतो. कपॅसिटरवर ४७२ छापलेलं असतं. १०४ म्हणजे १०० नॅनो, आणि तोच हाताला आधी लागतो, कारण आयसीच्या पुरवठ्यावर लावायला तो डबीत ढिगाने पडलेला असतो. माझी चूक तिथेच झाली होती.

पॉट निवडताना डोळ्याचा नियम पुन्हा आठवावा. दुकानात नुसता "१०० के" मागितला तर बी १०० के, म्हणजे सरळ चालीचा मिळतो. त्याने दिवा अर्ध्या फेऱ्यात जवळजवळ पूर्ण भासतो आणि सगळी मंद मात्रा सुरुवातीच्या एवढ्याशा कोनात कोंबली जाते. रात्री बोट किंचित हललं तरी उजेड उडी मारतो. त्याऐवजी ए १०० के, म्हणजे आवाजाच्या बटणाला लागतो तो लॉग पॉट घ्यावा. दुकानदाराला "व्हॉल्यूमचा" म्हटलं की कळतं. तो मध्यावर साधारण १० ते १५ टक्के देतो, आणि डोळ्याला तो जवळजवळ निम्मा उजेड वाटतो. माझ्या मते या सगळ्या सर्किटमधला वापरणाऱ्याला सर्वांत जास्त जाणवणारा भाग हाच आहे, आणि सगळ्यात कमी विचारपूर्वक घेतला जाणाराही हाच. कोकणच्या दमट हवेत उघड्या पॉटचा कार्बन दोन पावसाळ्यांत खराब होतो आणि फिरवताना दिवा थरथरतो, म्हणून बंद खोक्याचा मिळाला तर तोच घ्यावा.

खरा भार उचलतो तो मॉस्फेट. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबतो. दुकानात आयआरएफझेड ४४ एन सहज मिळतो, आयआरएलझेड ४४ एन तितका नाही. नावात एका अक्षराचा फरक, पण स्वभाव वेगळा. पहिल्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात, दुसरा ५ व्होल्टमध्येच उघडतो. १२ व्होल्टवर चालणारी ५५५ साडेदहा व्होल्टच्या आसपास देते, म्हणून तिच्यासोबत पहिला अगदी योग्य. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची पिन ५ व्होल्टच देते. तिथे पहिला लावला तर तो अर्धवट उघडतो. समजा त्याच्यावर २ व्होल्ट अडले आणि ३ अँपिअर वाहत असतील, तर ६ वॅटची धग एका बोटाएवढ्या तुकड्यात. कापडी मखराच्या मागे ती कोणालाही नको. "तोच मॉस्फेट लावला, तरी तुझा थंड आणि माझा का तापतो?" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी हे असतं.

तपासायची एक सोपी रीत आहे. दिवा पूर्ण उजेडावर ठेवून मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्स या पायांमध्ये मीटर लावायचा. आयआरएफझेड ४४ एन पूर्ण उघडला असेल तर त्याचा रेझिस्टन्स ०.०१७५ ओहम, म्हणजे ६ अँपिअरला दशांश व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल आणि धग वॅटभरही होणार नाही. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर गेटला पुरेसं व्होल्टेज नाही किंवा भाग नकली आहे. नकली मॉस्फेट बाजारात आहेत, छापलेल्या नावावर जाऊ नये, मीटरवर जावं. गेटच्या वाटेत १०० ओहम, आणि गेटपासून सोर्सला १० किलोओहम घालावा, म्हणजे सर्किट सुरू होण्याच्या क्षणी गेट लोंबकळत राहत नाही. मॉस्फेट निगेटिव्हच्या वाटेवर लावायचा. रंगीत स्ट्रिपमध्येही पॉझिटिव्ह सामाईक असतो, तीन रंगांना तीन मॉस्फेट लावले की झालं. मोठा कपॅसिटर अ‍ॅडॅप्टरच्या बाजूला लावावा. उजेड "गुळगुळीत" व्हावा म्हणून तो स्ट्रिपच्या बाजूला लावणारे भेटतात. त्याने प्रत्येक पेटण्याला करंटचा मोठा झटका बसतो आणि मॉस्फेट विनाकारण तापतो.

आर्डुइनो वापरणाऱ्यांसाठी एवढंच: त्याच्या बहुतेक पिनांवरचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा, पाच आणि सहा नंबरच्या पिनांवर ९८० चा. दोन्ही १,२५० च्या खाली. नऊ आणि दहा नंबरच्या पिनांचा टायमर बदलून ३,९२१ हर्ट्झ मिळतो, तो वापरावा. आणि २५६ पायऱ्यांत तळाशी एकावरून दोनवर गेलं की उजेड दुप्पट होतो, हे मंद दिव्यात स्पष्ट दिसतं. गोल बटणाचे तयार डिमर मिळतात त्यांच्या पोटातही असाच एक मॉस्फेट आणि त्याला हलवणारी छोटी आयसी असते. खोक्यावर छापलेल्या अँपिअरच्या निम्मे धरून चालावं असा माझा अनुभव आहे.

एक वॅट, तीन वॅटच्या मोठ्या एलईडी वापरणाऱ्यांनी रेझिस्टर सोडून द्यावा आणि करंट सांभाळणारी आयसी घ्यावी. पीटी ४११५ ही त्यातली सहज मिळणारी. ६ ते ३० व्होल्टवर चालते. एका छोट्या रेझिस्टरने तिचा करंट ठरतो. ०.१ ला हव्या त्या अँपिअरने भागलं की ओहम मिळतात. ३५० मिलिअँपिअरसाठी ०.५६ ओहमचे दोन रेझिस्टर समांतर लावले की काम होतं. तिला उजेड कमी करण्यासाठी वेगळी पिनच दिलेली आहे. त्या पिनवर पीडब्ल्यूएम द्या किंवा ०.५ ते २.५ व्होल्टमधलं साधं व्होल्टेज, दोन्ही तिला चालतं. वाचायच्या दिव्याला मी दुसरं देतो.

वायरकडे लोक सगळ्यात शेवटी पाहतात. ५०५० जातीची, मीटरला ६० एलईडीची ५ मीटर स्ट्रिप ७२ वॅट खाते, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. तिच्यापर्यंत ५ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची वायर नेली तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं, त्यात एक व्होल्टहून थोडं जास्त गळून जातं. रेझिस्टरच्या वाट्याला मुळात २.४ व्होल्टच होते, त्यातला एक गेला. दूरचं टोक पिवळट, मंद दिसतं आणि दोष स्ट्रिपला दिला जातो. जाड वायर घ्यावी, स्ट्रिपला दोन्ही टोकांनी पुरवठा द्यावा, किंवा २४ व्होल्टची स्ट्रिप घ्यावी. तिचा करंट निम्मा असतो आणि वायरीतली गळती पावपट. पॉझिटिव्हच्या वाटेवर अ‍ॅडॅप्टरजवळच ७.५ अँपिअरचा फ्यूज घालावा, गाड्यांत असतो तो पात्याचा. अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा "आर" ने सुरू होणारा क्रमांक पाहावा. एलईडीच्या पुरवठ्यासाठी आयएस १५८८५ हे मानक आहे आणि ही नोंदणी सक्तीची आहे. सगळ्या जोडणीत पैसे वाचवू नयेत अशी जागा म्हणजे अ‍ॅडॅप्टर, कारण २३० व्होल्ट आणि आपला हात यांच्यामध्ये फक्त तोच असतो.

फाट्यावरच्या ट्रकवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी इंजिन चालू असताना १४ च्या वर असते. वरच्या हिशेबात १५० ओहमवर २.४ ऐवजी ४.६ व्होल्ट पडतात आणि करंट १६ वरून ३० मिलिअँपिअरच्या घरात जातो. एलईडीचं स्वत:चं व्होल्टेज थोडं वाढून त्यातला काही भाग खातं, तरी करंट दीडपटीच्या पलीकडे राहतोच. गाडीत लावलेली स्ट्रिप लवकर काळवंडते ती यामुळे. उलट घरी बॅटरी उतरत ११ वर आली की तीच स्ट्रिप निम्म्यावर येते. ट्रक तर २४ व्होल्टचे, चार्जिंगला २८ पर्यंत जाणारे. ५५५ ला १६ व्होल्टपलीकडे देता येत नाही, मॉस्फेटच्या गेटला २० हून जास्त सोसत नाही. म्हणून तिथे २४ व्होल्टची स्ट्रिप, आणि ५५५ ला ७८१२ या रेग्युलेटरमधून वेगळे १२ व्होल्ट. एवढं केलं नाही तर सर्किट पहिल्या फेरीतच जातं.

आता पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल, कारण ते पहिलं सुचतं. भिंतीवर आयता रेग्युलेटर आहे, त्यालाच बल्ब लावला तर? नेहमीच्या एलईडी बल्बच्या आत करंट स्थिर ठेवणारं सर्किट असतं. आपण वीज कमी केली की ते जोर लावून उजेड तेवढाच ठेवतं, आणि जेव्हा जमत नाही तेव्हा उघडझाप सुरू करतं. ट्रायॅकच्या रेग्युलेटरला चालू राहायला काही किमान भार लागतो, ९ वॅटचा बल्ब तेवढा देत नाही. अ‍ॅडॅप्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला रेग्युलेटर लावला तरी तेच. खोक्यावर "डिमेबल" लिहिलेला बल्ब आणि त्याच्या जोडीचा डिमर, एवढाच त्या बाजूचा सरळ मार्ग आहे, आणि त्यात घरी बनवायचं काही उरत नाही.

माळांबद्दल मला खरोखर काळजी वाटते. २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या स्वस्त माळांच्या डबीत एक ब्रिज आणि लहान थायरिस्टर असतात, ट्रान्सफॉर्मर नसतो. माळेचा प्रत्येक सोललेला बिंदू थेट फेजला जोडलेला समजावा. मखरात ओली फुलं, दूर्वा, पंचामृत, शिंपडलेलं पाणी, आणि आरतीला पुढे येणारी मुलं. ती माळ कापून, जोडून, तिच्यात डिमर बसवण्याचा विचारही करू नये. मखराच्या आत फक्त १२ व्होल्ट जावेत, हा नियम मी आमच्या घरात घातला आहे आणि शेजारीही पाळायला सांगतो.

बल्बच्या बाबतीत कायमचा उजेड कमी करून घेण्याची एक रीत दुरुस्तीवाल्यांना ठाऊक आहे. अनेक बल्बांत आयसीजवळ दोन छोटे रेझिस्टर समांतर असतात, ते करंट ठरवतात. एक काढला की करंट उतरतो, बल्ब मंद होतो, थंड चालतो आणि पुष्कळ जास्त टिकतो. २०१६ मध्ये दुबई नगरपालिकेसाठी फिलिप्सने केलेला दिवा याच विचाराचा होता: एलईडी जास्त, प्रत्येकीला करंट कमी, वॅटमागे २०० ल्यूमेन. जिन्यातल्या बल्बला हे उत्तम. पण बल्ब होल्डरमधून काढल्यावरही आतला कपॅसिटर काही काळ भरलेला असतो, म्हणून ज्याला त्याची जाण आहे त्यानेच उघडावा.

राहिला रंग. तारेचा बल्ब मंद केला की लालसर होत जातो, वात खाली केली की ज्योत तांबूस दिसते. डोळ्याला मंद उजेडाची हीच ओळख आहे. एलईडीची पांढरी स्ट्रिप २ टक्क्यांवर आणली तरी तितकीच पांढरी राहते आणि मखर चांदण्यातल्यासारखं फिकट दिसतं. समईची ज्योत १,९०० केल्विनच्या आसपास, वॉर्म व्हाइट म्हणून विकली जाणारी स्ट्रिप २,७०० ते ३,००० ची. म्हणून मी दोन स्ट्रिप लावतो, एक वॉर्म व्हाइट आणि एक अंबर, दोघींना वेगळं सर्किट, वेगळा पॉट. आरतीला दोन्ही पूर्ण. शेजारती झाली की वॉर्म व्हाइट स्विचने बंद, आणि अंबर खाली, अगदी तळापर्यंत.

पॉटच्या टोकाला घातलेल्या १ किलोओहममुळे हे सर्किट शून्यावर कधीच जात नाही, १ टक्क्यावर थांबतं. पहिल्या वर्षी ती मला उणीव वाटली होती आणि अंबरलाही स्विच बसवायचा विचार केला होता. आईने बसवू दिला नाही. बटण पूर्ण खाली असतानाही मूर्तीच्या पायाशी जो उजेड उरतो त्याला ती नंदादीप म्हणते, आणि विसर्जनापर्यंत कोणाला अ‍ॅडॅप्टरला हात लावू देत नाही.